हायब्रिड गाडीची धाकटी बॅटरी : मेली तर काय करावं?



आपल्या लोकांत आता हायब्रिड गाड्या बऱ्याच झाल्या आहेत. लोद असो, रामले असो, अश्दोद असो की दिमोना, इमारतीखाली गाड्या उभ्या असतात त्यांत एखादी तरी हायब्रिड निघतेच. इस्राएल सरकारने २००९ साली गाड्यांवरचा कर धुराच्या प्रमाणाशी जोडला, तेव्हापासून ह्या गाड्या आपल्याकडे जास्त दिसू लागल्या. पेट्रोल कमी खातात, आवाज करत नाहीत, आणि वयस्कर माणसाला चालवायला सोप्या. तक्रार करायला जागा नाही.

पण एक दिवस असा येतो की बटण दाबावं आणि गाडीने हूं की चूं करू नये. दरवाजा उघडत नाही, दिवा लागत नाही, मागचं झाकण हलत नाही. काल संध्याकाळी तर ठणठणीत होती! अशा वेळी माणूस घाबरतो आणि मनात पहिला विचार येतो : "मोठी बॅटरी गेली. आता हजारो शेकेलचा खड्डा." बहुतेक वेळा तसं नसतं. गेलेली असते ती धाकटी बॅटरी, आणि ती शेकड्यांत मिळते. पुष्कळ गाड्यांत ती घरच्या घरी बदलताही येते. म्हणून हा लेख.

एका गाडीत दोन बॅटऱ्या

हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात हे पुष्कळांना ठाऊक नसतं. थोरली ती गाडी ओढणारी. टोयोटा कंपनीने प्रियस गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विकायला आणली, आणि मोठ्या संख्येने विकली गेलेली पहिली हायब्रिड तीच. तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या गाडीत थोरली बॅटरी २८ ठोकळ्यांची असते. प्रत्येक ठोकळा ७.२ व्होल्टचा, म्हणजे सगळे मिळून २०१.६ व्होल्ट. हा झटका जीवघेणा आहे. म्हणून तिच्या वायरी भडक नारिंगी रंगाच्या केलेल्या असतात, लांबूनच कळावं की इथे हात लावायचा नाही.

धाकटी बॅटरी १२ व्होल्टची. आपल्या जुन्या फियाटमध्ये आणि ॲम्बॅसिडरमध्ये असायची त्याच घराण्यातली. हिब्रूत तिला मत्सबेर म्हणतात. कुलपं, दिवे, काचा, वायपर, रेडिओ आणि गाडीतले सगळे छोटे कॉम्प्युटर तिच्यावर चालतात. इंजिन फिरवणं हे मात्र हायब्रिडमध्ये तिचं काम नाही, ते थोरली करते.

मग थोरली भरलेली असताना धाकटीवाचून अडतं कुठे? गाडी बंद केली की सुरक्षेसाठी थोरल्या बॅटरीचे जोड आपोआप तुटतात. अपघात झाला, कोणी हात घातला, तरी वीज बाहेर येऊ नये म्हणून. हे जोड पुन्हा जुळवणारे स्विच धाकटीच्या विजेवर चालतात. म्हणजे गावाकडच्या घरासारखं झालं. कोठी भाताने भरलेली आहे, पण कुलपाची किल्ली सापडत नाही. घरात धान्य असून उपाशी! धाकटी बॅटरी ही ती किल्ली आहे.

एकदा का गाडी चालू झाली आणि समोर हिरवं 'रेडी' उमटलं, की थोरली धाकटीला वीज देऊ लागते. ह्या गाड्यांत नेहमीचा डायनॅमो नसतो. एक विजेचं यंत्र थोरलीचे व्होल्ट उतरवून धाकटीला चार्ज करतं. तेव्हा 'रेडी' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो बऱ्याच वेळा येणार आहे.

न सांगता का मरते?

साध्या गाडीची बॅटरी म्हातारी झाली की आधी कुरकुरते. सकाळी स्टार्टर घर्रर्र घर्रर्र करतो, दोन-तीनदा किल्ली फिरवावी लागते. मालकाला कळतं की आता पाहायला हवं. हायब्रिडमध्ये धाकटीला इंजिन ओढायचं नसल्यामुळे तिला जोर लावावाच लागत नाही. अर्धमेली झाली तरी आपलं हलकं काम रेटत राहते. मग एखाद्या दिवशी स्विच जुळवण्याइतकीही ताकद उरत नाही आणि ती एकदम बसते. पूर्वसूचना नाही, निरोप नाही.

दुसरं कारण आपल्या देशाची उष्णता. लोकांना वाटतं बॅटरी थंडीने मरते. थंडी फक्त तिचा अशक्तपणा उघड करते. आतून तिला खाते ती उष्णता. आतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या गंजतात. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. बेर-शेवा-दिमोनाकडच्या उन्हात दिवसभर उभी राहणारी गाडी आणि इमारतीखालच्या सावलीतली गाडी ह्यांत फरक पडतो तो ह्यामुळेच. चार-पाच वर्षं झाली असतील तर बॅटरी तपासून घ्यावी हे बरं.

तिसरं कारण उभं राहणं. गाडी बंद असली तरी कुलपाचा आणि चोरघंटेचा कॉम्प्युटर थोडी थोडी वीज घेतच असतो. गाडी रोज चालली तर ती भरून निघते. आपल्या मंडळींच्या गाड्या मात्र पुष्कळदा उभ्या असतात. शब्बाथला उभी, सणाला उभी, आणि हिवाळ्यात महिनाभर मुंबई-अलिबागला जाऊन आलो तर तो महिनाही उभी. २०२० साली कोरोनाच्या बंदीत किती गाड्या अशा बसल्या ते आठवत असेलच.

आमच्या ओळखीतल्या एका काकांचं उदाहरण सांगतो. २०२४ साली नव्याचा सण गुरुवार-शुक्रवारी आला आणि त्याला लागून शब्बाथ. म्हणजे बुधवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत गाडी जागची हलली नाही. रविवारी सकाळी काकूंना कुपात खोलिममध्ये तपासणीला न्यायचं होतं. गाडी मेलेली. केबल लावून कशीबशी चालू केली तर समोर सगळे तांबडे-पिवळे दिवे, जणू हनुक्काच्या आठव्या रात्रीची हनुक्किया. एका मुसाखात नेली तिथे बघूनच सांगितलं की हायब्रिडची बॅटरी संपली, मोठी बदलावी लागेल. आकडा ऐकून काका गप्पच झाले. पेन्शनीत हे कसं बसवायचं? त्यांच्या नातवाने दुसरीकडे दाखवायचा हट्ट धरला. तिथल्या माणसाने आधी मीटर लावला. धाकटी ११ व्होल्टच्याही खाली. ती बदलली, दिवे गेले, गाडी आजही चालते आहे.

बोध इतकाच : १२ व्होल्टची बॅटरी कमजोर झाली की कॉम्प्युटर गोंधळतात आणि नसलेले बिघाड दाखवतात. तेव्हा कोणीही 'मोठी गेली' म्हटलं तर पहिला प्रश्न विचारा, "धाकटी मोजली का?"

आधी ओळखा, मग हात घाला

गाडी उठत नाही म्हणजे दर वेळी बॅटरीच गेली असं नाही. ह्या क्रमाने पाहा :

१. गाडीतला दिवा नीट लागतो, पण गाडी किल्ली ओळखत नाही. मग बहुधा किल्लीच्या आतला बटणासारखा छोटा सेल संपलेला असतो. पुष्कळ गाड्यांत ब्रेक दाबून किल्ली पॉवरच्या बटणाला टेकवली की टुंग आवाज होतो, मग बटण दाबलं की गाडी उठते. नवा सेल कोणत्याही दुकानात मिळतो.

२. दिवे अंधुक, लुकलुकतात, आतून टकटक आवाज येतो, घड्याळ शून्यावर गेलेलं. ही धाकटीची लक्षणं.

३. काहीच नाही, सगळा अंधार. हीही धाकटीच, पूर्ण रिकामी.

घरात साधा मल्टिमीटर असला तर उत्तम. तो महाग नसतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चालू करण्याआधी मोजावं. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग गाडी 'रेडी' करून पुन्हा मोजा. साडेतेराच्या वर, १४ च्या आसपास आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे आणि दोष बॅटरीचाच. 'रेडी' असूनही आकडा वर सरकत नसेल तर दोष चार्ज करणाऱ्या यंत्रात आहे. तिथे आपण थांबायचं आणि जाणकाराला बोलवायचं.

बंद गाडीत शिरायचं कसं?

किल्लीच्या पोटात एक खरी लोखंडी किल्ली लपवलेली असते. बाजूची कळ सरकवून ती बाहेर काढा. ड्रायव्हरच्या दाराला तिचं भोक असतं, कधी कधी झाकणाखाली. ही किल्ली कशी निघते हे आजच करून पाहा, अडचणीच्या रात्री नको.

आतल्या माणसाने मात्र भिऊ नये. धाकटी मेली तरी आतून हँडल ओढलं की पुढचं दार उघडतं. हे नातवंडांना दाखवून ठेवा. मागच्या दारांना लहान मुलांसाठीचं कुलूप लावलेलं असेल तर ती आतून उघडत नाहीत, म्हणून पुढे येऊन उतरायचं हेही शिकवा. उन्हात उभ्या गाडीत मूल क्षणभरही एकटं ठेवू नये, हे सांगायला नकोच.

आणि एक गोष्ट सगळ्यांत आधी. कोणाच्या जिवावरचा प्रसंग असेल तर बॅटरीच्या नादी लागू नका. १०१ वर मागेन दाविद आदोमला फोन करा. शब्बाथ असला तरी करा, जीव वाचवणं आधी.

तात्पुरती जाग : केबलचा क्रम

प्रियसच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत बॅटरी मागे असली तरी बॉनेटखालच्या फ्यूजच्या डब्यात लाल टोपीखाली एक प्लसची पट्टी दिलेली असते. केबल तिथे लावायची. क्रम असा :

लाल केबल आधी आपल्या गाडीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल दुसऱ्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक आपल्या गाडीच्या रंग नसलेल्या धातूच्या बोल्टला. दुसरी गाडी पाच मिनिटं चालू ठेवा. मग ब्रेक दाबून आपली गाडी 'रेडी' करा. 'रेडी' आली की केबल उलट क्रमाने काढा.

प्लस-मायनस उलटं झालं तर मोठा फ्यूज उडतो आणि महागडे भागही जळू शकतात. म्हणून दुसऱ्या माणसाने मोठ्याने म्हणावं, "लाल कुठे? काळी कुठे?" घाई नको. आपली हायब्रिड दुसऱ्याची बंद पडलेली गाडी उठवायला देऊ नका, पुष्कळ मॅन्युअलमध्ये ह्याला मनाई आहे.

हे जमणार नसेल तर लाजू नका. 'येदिदीम' ही स्वयंसेवकांची संस्था रस्त्यात अडलेल्यांना फुकट मदत करते. त्यांचा नंबर १२३०. आजी-आजोबांच्या फोनमध्ये तो आजच घालून ठेवा.

नवी बॅटरी घेताना

धाकटी बॅटरी कुठे बसवलेली आहे हे गाडीगाडीत वेगळं असतं. प्रियसच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत ती सामानाच्या जागेत उजव्या कोपऱ्यात, फळीखाली. चौथ्या पिढीत बॉनेटखाली. काही छोट्या हायब्रिडमध्ये मागच्या सीटखाली. आपली कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा.

ह्युंडाईच्या आयोनिक हायब्रिडमध्ये आणि तिच्या भावंडात, किआच्या नीरोमध्ये, पुष्कळदा ही स्वतंत्र बॅटरीच नसते. १२ व्होल्टची लिथियम बॅटरी थोरलीच्या पेटीतच असते. ती घरी बदलायची नाही. त्या गाड्यांत स्टिअरिंगच्या डावीकडे '१२ व्होल्ट रिसेट'चं बटण असतं. बॅटरी बसली तर ते दाबायचं, लगेच गाडी चालू करायची, आणि अर्धा तास तरी 'रेडी' ठेवायची. आपल्याकडे ही गाडी असेल तर ते बटण आज शोधून ठेवा.

दुकानात जाताना जुन्या बॅटरीचा फोटो न्या. चार गोष्टी जुळायला हव्यात : लांबी-रुंदी-उंची, प्लस कोणत्या बाजूला, खुंट्यांची जाडी, आणि प्रकार. माणसं बसतात त्या भागात बॅटरी असेल तर ती एजीएम जातीची असते. तिच्यातलं आम्ल काचेच्या लोकरीत शोषलेलं असतं, सांडत नाही. तिला एक बारीक नळी जोडलेली असते, चार्जिंगच्या वेळी चुकून वायू निघाला तर तो गाडीबाहेर जावा म्हणून. तो वायू हायड्रोजन, ठिणगीने पेट घेणारा. म्हणून तिथे स्वस्तातली साधी पाण्याची बॅटरी बसवू नये. बनवल्याची तारीखही पाहा. वर्षभर फळीवर पडून राहिलेली 'नवी' बॅटरी घेऊ नका.

बदलण्याची रीत

हे काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. लागतं काय? बहुतेक गाड्यांना १० मिलिमीटरचा पाना, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, एक जुनं फडकं. पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळा. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. प्लस आणि गाडीचा पत्रा ह्यांच्यामध्ये सोनं आलं तर ते क्षणात लाल होतं आणि बोट भाजतं.

ही बॅटरी दहा-पंधरा किलोची असते, आणि वाकून कोपऱ्यातून उचलावी लागते. साठीच्या वरच्यांनी हे उचलणं तरुणाला द्यावं. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय केबल-बॅटरीचं काम करू नये, लांब बसून सूचना द्याव्यात. ते काम आपल्या मंडळींना छान जमतं!

१. गाडी सपाट जागी, 'पी'मध्ये, हँडब्रेक लावून. पॉवर बंद. किल्ली गाडीपासून दूर, खिशात नको. दहा मिनिटं थांबा, म्हणजे सगळे कॉम्प्युटर झोपतील.

२. बॅटरी मागे असेल तर मागचं झाकण उघडं ठेवा आणि काम संपेपर्यंत लावू नका. ते विजेवर उघडतं. बॅटरी काढलेली असताना बंद झालं तर सीट पाडून आतून रांगत जावं लागेल.

३. फळी, चटई, प्लास्टिकची झाकणं काढा. काढलेला प्रत्येक स्क्रू एका वाटीत ठेवा. प्रत्येक पायरीचा फोटो घ्या.

४. आधी मायनस सोडवा, म्हणजे काळी वायर. तिचं टोक फडक्यात गुंडाळून बाजूला. मग प्लस. का? मायनस सुटला की सगळा पत्रा निर्जीव होतो. मग प्लस सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही.

५. धरून ठेवणारी पट्टी काढा. नळी हळूच ओढून सोडवा. बॅटरी सरळ उचला, आडवी करू नका.

६. नवी बसवा. नळी आधी जोडा, कारण ती विसरायला सोपी. पट्टी घट्ट करा. मग प्लस, आणि सगळ्यात शेवटी मायनस. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, एवढं एक वाक्य पाठ करा.

७. खुंटीवरची पकड हाताने हलवून पाहा, हलता कामा नये. पण जोर लावून पिळूही नका, खुंटी शिशाची आहे, मऊ असते.

८. ब्रेक दाबून गाडी चालू करा. 'रेडी' आली? मोजा. १४ च्या आसपास आहे? झालं. घड्याळ लावा, रेडिओचे स्टेशन पुन्हा भरा. काचा आपोआप वर जात नसतील तर कशा शिकवायच्या ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. एखादा पिवळा दिवा थोडं चालवल्यावर जातो. नाही गेला तर दाखवून घ्या.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका. शिसं विषारी आहे आणि त्याचा पुन्हा वापर होतो. दुकानदार परत घेतात. आणि सगळ्या कामात कुठेही नारिंगी वायर आड आली तर हात मागे घ्यायचा. तो आपला प्रांत नाही.

बालमित्रांनो, हे तुमच्यासाठी

घरी बॅटरी बदलायची असेल तर तुमचंही काम आहे. एकाने बॅटरीवर प्रकाश धरायचा, एकाने वाटी सांभाळायची, एकाने फोटो काढायचे आणि पायऱ्या मोठ्याने वाचायच्या. साबा किंवा सावता पायरी चुकले तर टोकायला तुम्हांला परवानगी आहे, पण अदबीने!

आणि एक प्रयोग. एका लिंबात जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तांब्याची तार खुपसा, एकमेकांना न लागू देता. मल्टिमीटर लावा. साधारण ०.९ व्होल्ट दिसेल. मग हिशेब करा, १२ व्होल्टला लिंबं किती? तेरा-चौदा. म्हणजे तेरा-चौदा लिंबांवर गाडीचा दिवा लागेल? नाही लागणार! लिंबात दाब आहे, पण प्रवाह अगदीच थोडा. म्हाताऱ्या बॅटरीचंही तसंच होतं. नुसती मोजली तर १२ दाखवते, आणि काम सांगितलं की मान टाकते. म्हणून दुकानात बॅटरी तपासताना तिच्यावर ओझं टाकून तपासतात. (प्रयोगातलं लिंबू खायचं नाही, त्यात जस्त उतरलेलं असतं.)

मरू नये म्हणून

गाडी बराच वेळ उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा तासभर 'रेडी' ठेवावी, पण मोकळ्या हवेत. बंद गॅरेजमध्ये कधीच नाही. हायब्रिड शांत उभी दिसते आणि मध्येच तिचं इंजिन आपोआप सुरू होतं. त्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही की नाकाला कळत नाही. ह्याच कारणाने घरी आल्यावर गाडी खरंच बंद केली का, हे रोज पाहावं.

महिनाभर भारतात जाणार असाल तर शेजाऱ्याला किंवा मुलाला किल्ली देऊन जा, नाही तर बॅटरीचा मायनस सोडवून जा. मागचं झाकण आणि लोखंडी किल्लीची गोष्ट मात्र लक्षात ठेवून.

कुपात खोलिमच्या बाहेर कोणाची वाट पाहत जुनी मराठी गाणी ऐकत बसायचं असेल तर गाडी 'रेडी' करून ऐका. ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबलं तर रेडिओ लागतो, पण सगळा भार धाकटीवर येतो. तासाभरात गाणं थांबतं आणि गाडीही.

घरात किल्ली गाडीपासून दोन मीटरहून लांब ठेवा. जवळ असली की किल्ली आणि गाडी रात्रभर एकमेकींशी बोलत राहतात आणि वीज खर्च करतात.

सणांच्या आदल्या दिवशी मात्र न चुकता अर्धा-पाऊण तास गाडी फिरवून आणा. आपले वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून तर लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बैलाला एक दिवस विश्रांती मिळे आणि रविवारी तो ताजा होऊन जुंपला जाई. आपल्या गाडीला शब्बाथची विश्रांती तशी मानवत नाही, तिची शिदोरी आधी बांधून द्यावी लागते. दारफाळणीच्या सणाला दारं बंद ठेवायची ती आपण. गाडीने आपली दारं दुसऱ्या दिवशीही बंद ठेवू नयेत!

हा लेख कापून गाडीतल्या कप्प्यात ठेवा, म्हणजे वेळेला हाताशी सापडेल. ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांना नातवंडांनी वाचून दाखवावा. तेवढंच मराठी वाचनही होईल.

सर्वांचे प्रवास सुखाचे होवोत. शालोम.